हाताने घडवलेली घड्याळं: तुमचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मागच्या अंकात एकट्याने किंवा चार-सहा जणांच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिकल घड्याळं घडवणाऱ्या स्वतंत्र कारागिरांवर लेख दिला होता, त्यावर भरपूर प्रश्न आले. काही कौतुकाने विचारलेले, काही जरा चिडून. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे उत्तरं लांबलीत, तेवढं समजून घ्या.

प्रश्न: ‘हाताने बनवलेलं’ म्हणतात, पण याच लोकांच्या वर्कशॉपच्या फोटोत लेथ, ड्रिल, मिलिंग मशीन सगळं दिसतं. मग हाताने केलं काय? ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही, पण प्रश्न अगदी रास्त आहे, कारण हे लेबल कुणीही कशालाही लावतं आणि त्याला जगभर लागू असा एकच नियम नाही. नुसती कानस आणि चिमटा घेऊन आख्खं घड्याळ कुणी बनवत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या घड्याळजीकडेही छोटी लेथ असायचीच, एका हाताने कमान मागेपुढे ओढून ती फिरवायची आणि दुसऱ्या हाताने हत्यार धरायचं. त्यामुळे मशीन आहे की नाही हे बघत बसू नका, ते कोण चालवतंय ते बघा. हाताने चालवायच्या लेथवर बॅलन्स व्हीलचा (मागेपुढे झुलत घड्याळाची लय धरणाऱ्या चाकाचा) दांडा कोरताना किती घासायचं, कुठे थांबायचं, आता पुन्हा मोजायचं की अजून एकदा हत्यार टेकवायचं हे सगळं माणूस ठरवतो, आणि त्या दांड्याचं टोक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं जाड असतं, म्हणजे हात किंचित जास्त चालला की भाग गेला, पुन्हा पहिल्यापासून. सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रामने आपोआप चालणाऱ्या मशीनवर, एकदा प्रोग्राम नीट बसला की पहिला भाग आणि पाचशेवा भाग सारखाच निघतो. तिथेही हुशारी लागते, पण ती प्रोग्राम लिहिताना लागते, प्रत्येक भागाला वेगळी लागत नाही.

बरेच स्वतंत्र कारागीर मधला रस्ता घेतात, म्हणजे प्लेट आणि ब्रिज (चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) यांचा ढोबळ आकार सीएनसीवर कापून घेतात आणि मग कडा, पॉलिश, जुळवणी हे सगळं हाताने. मला यात काहीच गैर वाटत नाही, फक्त ते उघड सांगायला हवं.

अगदी टोकाचं उदाहरण हवं असेल तर ग्रुबेल फोर्सी या स्विस कंपनीने २०१९ मध्ये काढलेलं ‘हँड मेड १’ बघा. त्यातलं ९५ टक्के काम हाताने चालवलेल्या अवजारांवर केलेलं आहे, हेअरस्प्रिंगसुद्धा (बॅलन्स व्हीलला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग), आणि एका घड्याळाला सुमारे ६,००० तास लागतात असं ते सांगतात. उरलेल्या ५ टक्क्यांत काय, तर वरची नीलम काच, माणकाचे खडे, मुख्य स्प्रिंग, रबरी सील असल्या गोष्टी, आणि त्यांनी ही यादी स्वतःहून जाहीर केली. मला त्या ९५ पेक्षा या ५ टक्क्यांच्या यादीचं जास्त कौतुक आहे. हेअरस्प्रिंग तर बहुतेक नामवंत कारागीरसुद्धा बाहेरून विकत घेतात, कारण ती करायला खास मिश्रधातू लागतो आणि त्याची तार मायक्रॉनच्या हिशोबात सपाट करावी लागते. तेव्हा कुणी ‘सगळं मीच करतो’ म्हणालं तर हेअरस्प्रिंग कुठली, एवढंच विचारा, उत्तरावरून माणूस कळतो.

आणि डायलवर ‘स्विस मेड’ असलं तरी त्यातून हातकामाबद्दल काहीही कळत नाही. २०१७ पासूनच्या नियमाने उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला लागतो आणि घड्याळाच्या आतल्या यंत्रणेबद्दल काही अटी आहेत, बस. सगळं काम रोबोटने केलं तरी तो शिक्का मिळू शकतो.

प्रश्न: एवढं करून ते साध्या क्वार्ट्झ घड्याळापेक्षा बरोबर वेळ दाखवतं का?

नाही. बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, चांगलं बॅलन्स व्हील सेकंदाला पाच ते आठ ठोके देतं, तिथे बरोबरी होऊच शकत नाही. मेकॅनिकल घड्याळाच्या अचूकतेची तपासणी करणाऱ्या सीओएससी या स्विस संस्थेच्या नावाजलेल्या सर्टिफिकेटला दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. पण जरा हिशोब करून बघा, दिवसाचे सेकंद ८६,४००, त्यात ५ सेकंदांचा फरक म्हणजे एक टक्क्याच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी, आणि हे गाठायचंय फक्त स्प्रिंग, दाते आणि थेंबभर तेलावर, तेही हातावर कायम हलत राहून, थंडी-उन्हात. मला तरी हे थक्क करणारं वाटतं.

प्रश्न: घड्याळ बंद केल्यावर आतले भाग दिसतसुद्धा नाहीत. मग तिथे महिनोनमहिने पॉलिश करत बसण्यात काय अर्थ आहे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि मला तो सगळ्यात आवडलाय. आधी एक व्यावहारिक गोष्ट. हे सगळं पॉलिश निव्वळ शोभेचं नाही. दांड्याची टोकं कडक पोलादी अवजाराने दाबून घासतात तेव्हा पृष्ठभाग गुळगुळीत आणि टणक होतो, घर्षण कमी होतं, झीज कमी होते. कडा घासून उतार दिला की तिथे चिकटलेला धातूचा बारीक कीस निघून जातो, नाहीतर तोच कण पुढे सुटून दात्यांत जाऊन बसणार. म्हणजे सुरुवात उपयोगातून झाली आणि मग पिढ्यान्‌पिढ्या ती कला होत गेली.

आता जवळून बघू. भिंग घ्या, दहा पट मोठं दाखवणारं पुरे, आणि घड्याळाच्या मागच्या काचेतून ब्रिजची कड बघा. वरची सपाट बाजू आणि उभी बाजू जिथे मिळतात तिथे साधारण ४५ अंशांचा एक चकचकीत उतार दिलेला असतो. तो सगळीकडे सारख्याच रुंदीचा आहे का? जिथे दोन कडा आतल्या बाजूला कोनात मिळतात तिथे नीट थांबा, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. फिरणारं हत्यार कितीही बारीक असलं तरी गोल असतं, त्यामुळे मशीनने केलेला आतला कोपरा थोडा गोलसर राहतो. तिथे दोन उतार एका रेषेवर येऊन टोकदार मिळालेले दिसले तर समजायचं की कुणीतरी बारीक कानस घेऊन, श्वास रोखून, दोन्ही बाजूंनी तिथपर्यंत येऊन थांबलंय. जरा पुढे गेलं तर समोरच्या उताराला ओरखडा जातो आणि मग दोन्ही परत करायला लागतात.

फिलिप द्युफूर हे स्वित्झर्लंडच्या व्हॅले द जू भागातले कारागीर, या कामातले अनेकांचे आदर्श. त्यांचं ‘सिम्प्लिसिटी’ २००० साली आलं, तास-मिनिट-सेकंद एवढंच दाखवणारं, एकही जादा करामत नाही, आणि तरी आतलं काम बघायला जगभरचे घड्याळजी रांग लावतात. कडांना शेवटचा हात देताना ते जेन्शियन नावाच्या डोंगराळ झाडाच्या वाळलेल्या देठाची काडी वापरतात, त्यावर बारीक डायमंड पेस्ट. ही त्या भागातली जुनीच रीत आहे, देठाचा गाभा मऊ असल्याने तो कडेच्या आकाराप्रमाणे दबतो आणि धातूवर नवीन रेघ पडत नाही. अशी साधारण दोनशे घड्याळं करायला त्यांना दहा वर्षांहून जास्त काळ लागला.

दुसरी गोष्ट बघायची ती काळं पॉलिश. पोलादाचा छोटा भाग, समजा स्क्रूचं डोकं, कथलाच्या किंवा जस्ताच्या सपाट पाटीवर पेस्ट लावून हलक्या हाताने गोल गोल घासतात, तासन्‌तास. पूर्ण सपाट झाला की एका कोनातून तो आरशासारखा लख्ख दिसतो आणि किंचित तिरपा केला की एकदम काळा कुळकुळीत, मधली करडी छटाच नाही. पाटीवर धुळीचा एक कण आला की ओरखडा, आणि पुन्हा सगळं. स्क्रू निळे केलेले दिसतात ना, तेही रंग लावून नव्हे, पोलाद तापवून. पितळेच्या किसावर स्क्रू ठेवून खालून आच द्यायची, रंग आधी पिवळट, मग तपकिरी, जांभळा आणि साधारण ३०० अंशांच्या आसपास गर्द निळा. त्या क्षणी उचलायचा. दोन सेकंद उशीर झाला की फिकट होत जातो, आणि पृष्ठभागावर बोटाचा ठसा जरी राहिला असेल तरी तिथे डाग. आधी पॉलिश चोख नसेल तर निळा रंग ते सगळं उघडं पाडतो.

डायलचंही तसंच. गिलोशे म्हणजे डायलवर कोरलेली ती लहरींची बारीक नक्षी, जुन्या हातमशीनवर एका हाताने हँडल फिरवत दुसऱ्या हाताने हत्यार दाबून एकेक रेघ कोरतात. शेवटच्या रेघेला हात चुकला तरी डायल फेकून द्यावा लागतो. ठशाने दाबून काढलेली नक्षी लांबून तशीच दिसते पण भिंगाखाली तिच्या कडा बोथट असतात, प्रकाश तुटक पडत नाही, एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की पुन्हा कधी गल्लत होत नाही.

तर कोण बघणार? घालणारा बघेल, आणि तो नाही तर पन्नास वर्षांनी सर्व्हिसिंगला घड्याळ उघडणारा घड्याळजी नक्की बघेल. या लोकांचा खरा, अनोळखी प्रेक्षक तोच असतो असं मला वाटतं.

प्रश्न: किमती ऐकून राग येतो. श्रीमंतांचे चोचले नाहीत का हे?

राग येणं समजू शकतो. आणि नावाच्या जोरावर, लिलावातल्या चढाओढीवर किमती फुगतात हेही खरं, तो पैसा बऱ्याचदा कारागिराकडे जातच नाही, मधल्या विकणाऱ्याकडे जातो. पण मूळ किमतीचा हिशोब तासांचा आहे. वर ६,००० तास म्हटलं, ती एका माणसाची जवळपास तीन वर्षांची नोकरी झाली. एवढं टोक सोडलं तरी एकटा माणूस वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच घड्याळं पुरी करतो, इंग्लंडच्या जॉर्ज डॅनियल्सांनी तर आयुष्यभरात स्वतःच्या हाताने केलेली घड्याळं काही डझनच आहेत. विकत घेता येत नाही म्हणून बघायचंच नाही असं मात्र करू नका. प्रदर्शनं, संग्रहालयं, लिलावापूर्वीची मांडणी यांत ही घड्याळं डोळे भरून बघता येतात आणि वर सांगितलेली नजर तयार व्हायला एक पैसा लागत नाही.

प्रश्न: टूरबियाँ म्हणजे काय आणि त्याची खरंच गरज आहे का?

घड्याळ उभं ठेवलं की गुरुत्वाकर्षणामुळे बॅलन्स व्हीलच्या वजनातला बारीकसा असमतोल चुका करायला लागतो. पूर्वी खिशातलं घड्याळ दिवसभर उभंच असायचं. अब्राहम-लुई ब्रेगे यांनी तोड काढली की बॅलन्स आणि त्याला ठोके देणारी यंत्रणा असं सगळं एका छोट्या पिंजऱ्यात बसवून पिंजराच फिरवायचा, बहुतेक मिनिटाला एक फेरी, म्हणजे एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूने भरून निघते. पेटंट १८०१ चं. मनगट तर सारखं वेगवेगळ्या बाजूंना हलतं, त्यामुळे मनगटी घड्याळाला त्याची फारशी गरज नाही, हे बनवणारेही मान्य करतात. तरी करतात, कारण पन्नास-साठहून जास्त भागांचा आणि एक ग्रॅमपेक्षाही हलका असा पिंजरा तोल साधून फिरता ठेवणं ही हाताची कसोटी आहे. मला विचाराल तर मी टूरबियाँपेक्षा द्युफूर यांच्या १९९६ च्या ‘ड्युअ‍ॅलिटी’कडे जास्त वेळ बघेन, त्यात दोन वेगवेगळे बॅलन्स आहेत आणि दोघांच्या चुकांची सरासरी काढून काटे चालतात. कला फक्त सजावटीत नसते, अशा विचारातही असते.

प्रश्न: हे सगळं फक्त स्विस लोकांनाच का जमतं?

छे, तसं मुळीच नाही. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सेको कंपनीचं ‘अ‍ॅस्ट्रॉन’ क्वार्ट्झ आलं आणि पुढच्या पंधरा-एक वर्षांत स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगातल्या सुमारे ९० हजार नोकऱ्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरल्या. मेकॅनिकल घड्याळ संपलंच असं सगळे म्हणत होते तेव्हा १९८५ मध्ये स्वतंत्र कारागिरांची एएचसीआय ही संघटना निघाली, ती काढणारे दोघंही बाहेरचे, स्वेन अँडरसन डेन्मार्कचे आणि विन्सेंट कालाब्रेझे इटलीचे. आजही बघा, कारी व्हौटिलाइनेन फिनलंडचे, एफ. पी. जूर्न मार्सेचे, रेजेप रेजेपी यांचा जन्म कोसोव्होतला. काम स्वित्झर्लंडमध्ये करतात कारण तिथे हत्यारं मिळतात, सुटे भाग करून देणारे शेजारी असतात. आणि जपानचे मासाहिरो किकुनो तर जपानमध्येच बसून करतात. जुन्या जपानी पद्धतीत दिवसाचे आणि रात्रीचे सहा-सहा भाग असायचे, म्हणजे उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब आणि हिवाळ्यात आखूड. किकुनोंनी मनगटी घड्याळ असं केलं की डायलवरच्या तासांच्या खुणाच ऋतूप्रमाणे आपोआप सरकतात. ही कल्पना दुसऱ्या कुठल्या देशात कुणाला सुचली असती असं वाटत नाही.

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. मला हे शिकायचंय, पण कुणी शिकवणारं नाही. सुरुवात कुठून करू?

तुझ्या प्रश्नासाठी दोन माणसांची गोष्ट सांगतो. जॉर्ज डॅनियल्स हे जुन्या घड्याळांची, विशेषतः ब्रेगेंच्या घड्याळांची दुरुस्ती करत करत शिकले आणि मग आख्खं घड्याळ एकट्याने करायला लागले, बाहेरच्या कवचापासून काट्यांपर्यंत. ठोके देणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेत दाते खड्यांवर घासत सरकतात म्हणून तेल लागतं आणि तेल जुनं झालं की वेळ बिघडते, हे त्यांना खटकत होतं. १९७० च्या दशकात त्यांनी को-अ‍ॅक्सियल ही नवी यंत्रणा शोधली ज्यात घासणं खूप कमी होतं. मोठ्या कंपन्यांना ती पटायला फार वर्षं गेली, शेवटी १९९९ मध्ये ओमेगाने बाजारात आणली. मधल्या काळात, १९८१ मध्ये, डॅनियल्सांनी घड्याळ कसं बनवायचं यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, आकृत्यांसकट, काहीही हातचं न राखता.

ते पुस्तक वाचून रॉजर स्मिथ नावाच्या तरुणाने स्वतःचं पहिलं खिशातलं घड्याळ केलं आणि डॅनियल्सांना दाखवायला नेलं. डॅनियल्सांनी ते नापास केलं, कारण ते हाताने केल्यासारखं दिसत होतं. नीट वाच हे. चांगल्या हातकामात हाताची धडपड दिसता कामा नये असं त्यांचं म्हणणं. स्मिथ परत गेले आणि दुसऱ्या घड्याळावर पाच वर्षांहून जास्त बसले, एकेक भाग पुन्हा पुन्हा केला, मग कुठे डॅनियल्सांनी मान्यता दिली आणि पुढे आइल ऑफ मॅन बेटावर कामाला बोलावलं. आज स्मिथ तिथेच वर्कशॉप चालवतात आणि स्वतः तरुणांना शिकवतात.

तुझ्याकडे लेथ आणि ड्रॉइंगचं शिक्षण आहे, हे मोठंच भांडवल आहे. बंद पडलेलं जुनं चावीचं घड्याळ घे, शक्यतो खिशातलं, कारण भाग मोठे असतात. ते खोल, प्रत्येक भागाचा फोटो काढ, साफ कर, जोड, आणि चालेपर्यंत हेच कर. मग कानस. पितळेचा तुकडा पूर्ण सपाट आणि काटकोनात करायला शीक, हे कंटाळवाणं आहे आणि ते टाळून कुणीही पुढे गेलेलं नाही. मग स्क्रू करायचा, मग दांडा. डायल-काट्यांच्या डिझाइनची घाई नको. आणि काम झालं की जाणत्या माणसाला दाखव, ऑनलाइन कौतुक मिळवण्यासाठी नको, चुका काढून घेण्यासाठी दाखव.

प्रश्न: बनवणारा माणूसच गेला तर असं घड्याळ पुढे दुरुस्त कोण करणार? कंपनी तर नाही त्याच्यामागे.

पितळ, पोलाद, माणिक अशा जुन्या पद्धतीच्या सामानाचं घड्याळ असेल तर कुठलाही खरा निष्णात कारागीर मोडलेला भाग मोजून नवा करू शकतो. डॅनियल्सांनी ब्रेगेंची घड्याळं अशीच चालू केली, मूळ कारागीर जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावर. ब्रेगेंचंच फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी १७८३ मध्ये मागवलेलं प्रसिद्ध घड्याळ तर राणी गेली, १८२३ मध्ये ब्रेगेही गेले, तरी त्यांच्या वर्कशॉपने १८२७ मध्ये पुरं केलं. सिलिकॉनचे आधुनिक भाग असले तर मात्र गोष्ट वेगळी, ते चांगले चालतात पण तुटले तर हाताने नवा करता येत नाही, तो खास कारखान्यातूनच यावा लागतो.

त्यामुळे घेणाऱ्याने आधीच विचारून ठेवायचं: कुठले भाग बाहेरचे आहेत, जादा भाग करून ठेवलेत का, प्रत्येक भागाचं ड्रॉइंग मापांसकट आहे का, आणि ते ड्रॉइंग तुमच्यानंतर कुणाकडे जाणार. शेवटचा प्रश्न विचारायला अवघड वाटतो, पण चांगल्या कारागिराला त्याचं वाईट वाटत नाही, उलट त्याने त्यावर तुमच्या आधी विचार केलेला असतो.